कुसाकाबे-सान रस्त्यात बसले

रस्सा मीच सांडला. सायकल माझी, तोल माझा, आणि खांद्यावर वाडग्यांची चळत पेलून एका हातानं सायकल मारायची खुमखुमीही माझीच. माझं सोब्याचं, म्हणजे रश्शातल्या शेवयांचं, दुकान आहे. कुसाकाबे-सानच्या केशकर्तनालयासमोर डांबर जरासं बसलंय हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असलेल्या खड्ड्यातच माणूस पडतो. वाडगी फुटली, शेवया पसरल्या. कुसाकाबे-सान वस्तऱ्यासकट धावत बाहेर आले. मला वाटलं, 'लागलं का' म्हणून विचारतील. पण ते माझ्याकडे बघेचनात. ते रस्सा बघत होते.

रस्सा खोलगट जागी जमला, एका भेगेशी जरा घुटमळला आणि गेला. वर नुसती कांद्याची पात उरली.

"कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"जमिनीत. मला उठवता का?"

"जमीन इतक्या घाईनं पीत नाही हो," ते म्हणाले, आणि हळूच दोन पावलं मागं सरकले.

कुसाकाबे-सान हा आमच्या हानेओका गावातला सगळ्यात भित्रा माणूस. यात निंदा नाही. भूकंपाच्या भीतीनं ते बूट उशाशी घेऊन झोपतात, आणि घरात मासा शिजला की आधी काटे मोजायला बसतात. पण मान द्यावी तर त्यांच्याच वस्तऱ्याखाली. न घाबरणाऱ्या न्हाव्याकडे एकदा जाऊन बघा. नगरसेवकही ते भीतीपोटीच झाले. गल्लीतून कुणीतरी उभं राहायला हवं होतं, बैठकीत सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं, आणि 'नाही' म्हणायची यांना भीती वाटली. पालिकेत गेल्यावर त्यांना रस्ते-सांडपाणी समितीवर टाकलं, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती.

रस्त्याखालून सांडपाण्याची नळी जाते, आमच्या वाडवडिलांच्या वेळची. ती फुटली की माती कणाकणानं वाहून जाते आणि वर नुसता डांबराचा पापुद्रा राहतो, हे त्यांना समितीत कळलं होतं. न कळतं तर बरं झालं असतं. आता ट्रक गेला की त्यांचा हात थांबायचा.

"ऐकलंत?"

"काय?"

"आवाज पोकळ आला."

गळ्यावर वस्तरा असताना असलं काही ऐकणं सुखाचं नसतं. पुढं पुढं मलाही तो आवाज पोकळ वाटायला लागला, आणि मी शेवया पोचवायला लांबच्या वाटेनं जाऊ लागलो.

त्यात उत्सव तोंडावर. आमचा लाकडी रथ भरल्या ट्रकाला भारी, वरच्या मजल्यावर ढोल वाजवणारी गल्लीतली पोरं, आणि वाट हीच. देवाची वाट बदलत नाहीत. कुसाकाबे-साननी समितीत मागणी केली: उत्सवाआधी रस्ता बंद करा, नळी तपासा. अध्यक्षा मिझोगुची-सान म्हणाल्या, "आधी जागेवर जाऊन बघू."

इथं आम्ही घोळ घातला. समिती दारात येणार म्हटल्यावर दार तसंच ठेवायचं? ती भेग बघून त्या काय म्हणतील? शिवाय पालिकेला तसदी. कुणी थापी आणली, कुणी झाडू, डांबराची पिशवी मी आणली. भेग बुजवली, खोलगट भाग सपाट केला, वर पाणी मारलं. समिती आली तेव्हा रस्ता ताटासारखा साफ. मिझोगुची-सान कमरेत वाकून म्हणाल्या, "किती छान ठेवलाय." आम्हीही समाधानानं वाकलो. कुसाकाबे-सान गुडघ्यांवर रांगत भेग शोधत होते.

मतदानाला त्यांच्या बाजूनं एकच हात वर गेला, त्यांचाच, आणि तोही कानापर्यंत. बघणाऱ्याला वाटावं, माणूस कान खाजवतोय. ठरलं असं की तपासणी पुढच्या वर्षी, डांबरीकरणाबरोबर.

उत्सवाच्या दिवशी आम्ही दोर ओढत वळणावर आलो, तर त्या बुजवलेल्या भेगेवरच कुसाकाबे-सान स्टूल टाकून बसलेले. तोंड तोफूसारखं पांढरं. रथापुढं पंखा हलवत चालणारे म्हातारे तोकुजिरो सुतार म्हणजे त्यांचे सासरे.

"जावईबापू, उठा. देव खोळंबलाय."

"खोळंबू दे, बाबा."

"समितीनं ठरवलंय ना? तुम्हीच आहात की तिच्यात."

"मी हरलोय तिच्यात."

"मग हरल्यासारखं वागा."

लोक हसले. कुसाकाबे-सानचे दात वाजत होते. "वरची पोरं खाली उतरवा," ते म्हणाले, "मग रथ खुशाल माझ्या अंगावरून न्या."

ढोल थांबले. त्या शांततेत खालून कुठूनतरी बारीक खडे घरंगळल्यासारखा आवाज आला. दोर माझ्या हातातून कधी सुटला, मला कळलं नाही. तोकुजिरोंनी मान वर करून पोरांकडं पाहिलं, मग जावयाकडं, आणि पंखा मिटला.

"मागं ओढा," ते म्हणाले.

रथ मागं गेल्याचं आमच्याकडं तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. तो इंच इंच करत गेला आणि कुणी हसलं नाही. मिझोगुची-सान उत्सवाचा अंगरखा घालून गर्दीतच उभ्या होत्या. त्यांनी फोन काढला, "रस्ता आत्ताच बंद करा, उद्या सकाळी नळीत कॅमेरा सोडू," असं कुणालातरी सांगितलं, आणि स्वतः फुटपाथवर चढून उभ्या राहिल्या.

गल्ली रिकामी झाली. कुसाकाबे-सान मात्र तिथंच. मी लांबूनच एक बांबू त्यांच्यापुढं धरला.

"रथ गेला, आता उठा की. मघापासून तिथंच बसलाय, भीती नाही वाटत?"

"वाटते, म्हणूनच उठता येत नाहीये. बांबू नीट धरा."