फास्ट अस्लीप

रंजीता मडावी चंद्रपूरच्या जंगलात एका सफारी गेटावर गाईड आहे. वानरांच्या ओरडण्यावरून बिबट्या कुठे असेल ते ती सांगते. पण इंग्रजी शब्दांच्या जोड्यांपुढे तिची मती गुंग होते. प्रशिक्षणात मॅडमनी वहीभर जोड्या लिहून दिल्या होत्या. पाऊस हेवी, चहा स्ट्राँग. हेवी म्हणजे जड आणि स्ट्राँग म्हणजे मजबूत, मग पाऊस मजबूत का नाही, असं तिनं विचारलं. तसंच म्हणतात, एवढंच उत्तर मिळालं. सगळ्यात अवघड जोडी होती फास्ट अस्लीप, म्हणजे गाढ झोपलेला. फास्ट म्हणजे वेगात. माणूस वेगात झोपतो कसा?

मार्चमधल्या एका सकाळी तिच्या जिप्सीत इंग्लंडहून आलेलं म्हातारं जोडपं होतं. नाल्याकाठी जांभळाखाली वाघीण झोपलेली दिसली. रंजीता मागे वळून हळूच म्हणाली, "टायग्रेस, फास्ट अस्लीप." ड्रायव्हर दिनेशनं त्यातलं 'फास्ट' तेवढं ऐकलं आणि गाडी दामटली. वाघीण दचकून उठली, बांबूत शिरली.

"बाई, तुमीच तं फास्ट म्हनलं," दिनेश म्हणाला.

"गाडीले नाई, झोपेले म्हनलं."

"झोप काऊन फास्ट राहीन?"

ते तिलाही सांगता येईना. तिनं पाहुण्यांची माफी मागितली. पाहुण्यांपैकी बाई हसल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. तू बरोबरच बोललीस, म्हणाल्या. मग झोपेला फास्ट का म्हणतात, हे रंजीतानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. बाई विचारात पडल्या. नवऱ्याला विचारलं, त्यालाही सांगता येईना. ज्यांची भाषा त्यांनाच ठाऊक नाही, म्हटल्यावर रंजीता आणखीच गोंधळली.

परतताना तिला आश्रमशाळा आठवली. तिथं गेली तेव्हा तिला फक्त गोंडी यायची. मराठीच्या पुस्तकात कुणीतरी मार खाल्ला होता. मार खातात कसा, असं विचारल्यावर वर्ग खो खो हसला होता. आता मुलीला, पुनमला, ती स्वतःच सांगते, मार खाशील. हे विचित्र वाटायचं कधी थांबलं, ते मात्र तिला आठवेना.

तक्रार झाली नाही. गेटावरच्या वहीत बाईंनी गाईडच्या इंग्रजीचं कौतुक लिहिलं. दिनेशनं ते दोनदा वाचून घेतलं, तरी त्याला पटलं नाही. तेव्हापासून दोघांचं ठरलंय, गाडी हलवायची ती फक्त हाताच्या खुणेवर. रंजीता ती जोडी अजून म्हणते, अगदी बरोबर म्हणते, आणि दर वेळी क्षणभर अडखळते.