घेण्यास नकार

पिनकोड पत्राला फक्त पेणपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे खाडीकाठच्या गावात कोणाचं दार कुठलं, हे मला पाठ होतं आणि त्याचा मला थोडा माजही होता. ग्रामपंचायतीने घरांना नंबर दिलेले, पण जसजशी घरं उभी राहिली तसतसे ते पडत गेले. म्हणून सदतीसच्या शेजारी दोनशे चौदा आणि त्याच्या मागे अकरा. बदलीवर आलेला नवा माणूस दुपारपर्यंत रडकुंडीला यायचा. मी मात्र सकाळीच पत्रं माझ्या चालण्याच्या क्रमाने लावून घेत असे. नंबर बघायची वेळ येतच नसे.

माझं सासर रोह्याजवळच्या वरसे गावात. बारा वर्षं पेणला काढल्यावर रोह्याला बदली मागितली आणि ती मिळाली. जाण्याआधी घरांची यादी ताजी करून द्या, असं साहेबांनी सांगितलं. आता त्या यादीत नवा कोडही भरायचा होता. दारात उभं राहून मोबाइलवर बघायचं, की आपण उभे असू त्या चार मीटरच्या चौकोनाचा दहा अक्षरांचा कोड दिसतो. असा कोड देशातल्या प्रत्येक तुकड्याला आहे, मग तिथे घर असो, भात असो की नुसतं पाणी. पाण्याला कशाला हवा पत्ता, म्हणून मी पोस्टात सगळ्यांना हसवलं होतं.

मग एका म्हातारीच्या नावापाशी येऊन अडले.

तिचा जन्म मिठागरावर गेला. नवरा लवकर वारला, एकच मुलगी. मुलीने आपल्या मर्जीने लग्न केलं आणि ती रोह्याच्या नदीपलीकडे अष्टमी गावात राहायला गेली. म्हातारीने भावकीसमोर तिला सुनावलं, की पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. गावानेही मुलीशी बोलणं टाकलं. त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की मुलीचं पाकीट यायचं. म्हातारी ते हातात घ्यायची, उलटंसुलटं करायची, बोटांनी चाचपायची. "आत फोटो हाय गो, कडक लागतंय," म्हणायची आणि परत माझ्या हातात ठेवायची. "नको मना. लिव तुझं ते."

मी 'घेण्यास नकार' असा शेरा लिहायची, खाली सही, तारीख. आठ वर्षं लिहिला. दरवेळी मला तिचा राग यायचा. एवढं चाचपायचं तर उघडायला काय होतं?

मधल्या एका उधाणात बांध फुटला, खारं पाणी गावाच्या खालच्या अंगाला शिरलं ते परत गेलंच नाही. म्हातारीचं घर त्यात गेलं. पुतण्याने वरच्या अंगाला, रस्त्यालगत दोन खोल्या बांधून दिल्या. ती कुठे गेली हे मुलीला कोणी कळवलं नाही, त्यामुळे पाकिटावर जुनाच नंबर असायचा. मला दार ठाऊक होतं, मी वर नेऊन द्यायची.

यादी बघून साहेब म्हणाले, "जिथे घर नाही तो नंबर काढून टाका. पुढच्या माणसाने पाण्यात जाऊन पत्र द्यायचं का?" त्यांचं बरोबरच होतं. यापुढे पाकीट आलं की 'पत्त्यावर घर नाही' असा शेरा मारून परत जाणार.

माझ्या शेवटच्या आठवड्यातच यंदाचं पाकीट आलं. ते तिच्या हातात देताना मी हे सांगून टाकलं. वर सुनावलंही, "सुटलात मावशी. आता दरवर्षी नको म्हणायचा त्रास नाही."

म्हातारीने माझं मनगट धरलं.

"असं नको करू गो," ती म्हणाली. "माझा नकार गेला म्हंजे तिला कळतं, आई हाय अजून. तू घर नाय असं लिवलंस तर काय समजंल ती? म्हातारी मेली, असंच ना?"

आठ वर्षं मी जे हट्टाचं समजून रागारागाने लिहीत होते, ते तिचं उत्तर होतं. मुलीला तिने दुसरं काही लिहिलंच नव्हतं, आणि ते माझ्या हातून लिहून घेतलं होतं. माझी मलाच लाज वाटली.

"मग ठेवून घ्या ना हे," मी म्हटलं.

"भावकीसमोर बोललेय मी." तिने पाकीट चाचपलं, परत केलं. मी शेरा लिहिला. सही करत होते तेवढ्यात ती म्हणाली, "मोबाइलवर त्या दिवशी बघितलास ना, दारात उभी राहून? तो नंबर घाल त्याच्यावर."

"त्याने ती थेट या दारात येईल हं, मावशी. तुम्हीच म्हणालात ना, उंबऱ्यात पाय नको?"

"तो उंबरा पाण्याखाली गेला," म्हातारी म्हणाली. "ह्या उंबऱ्याचं मी कुणाला कधी काय बोललेय?"

ते नियमात बसत नव्हतं. तरी मी शेऱ्याखाली दहाही अक्षरं सुटी सुटी, ठसठशीत लिहिली.

रोह्याला रुजू झाले तर माझ्याकडे अष्टमीचीच वाट आली. तिसऱ्या दिवशी पत्रं लावताना माझंच अक्षर समोर आलं. पूल ओलांडून गेले आणि आधी तेच दार गाठलं. मुलगी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पाकीट घेतलं, सगळ्यात आधी शेरा बघितला आणि तिचा चेहरा उजळला.

"नकार दिलाय," ती म्हणाली. "बरं झालं."

मग तिला खालचा कोड दिसला. तो कशाचा ते मी सांगितलं. म्हातारी उंबऱ्याविषयी काय म्हणाली तेही शब्दाला शब्द सांगितलं. ती तशीच दारात उभी राहिली, पिठाच्या हातांनी पाकीट छातीशी धरून. घाईघाईने पिशवी बंद करत मी म्हटलं, "यंदा परत पाठवायचं असेल तर दुसऱ्या पाकिटात घाला. हे मळलंय."

"नाय ताई," ती म्हणाली. "हे आता मीच नेऊन देते."