केबिन वर केली की दिवे लागायचे

जमीन कंपन्यांकडे गेल्यावर माझ्या सासऱ्यांना घरात बसवेना. सकाळी उठून ते चौकापर्यंत जायचे, रस्त्यावरचे कंटेनर बघत उभे राहायचे आणि नाष्ट्याला परत यायचे. असं वर्षभर चाललं आणि मग एक दिवस त्यांनी जुना स्किड लोडर विकत आणला. चार चाकं, पुढे बकेट आणि मध्ये माणूस बसेल एवढं जाळीचं खुराडं. जागच्या जागी गर्रकन फिरतो, म्हणून अडचणीच्या जागेत कामाला येतो. नवऱ्याने कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, निदान ट्रॅक्टर तरी आणायचा. सासऱ्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. महिनाभरात ते तो चालवायला शिकले आणि चाकणच्या कंपन्यांमधून कामंही मिळवायला लागले.

त्यांना मी मामा म्हणते. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती, तरी आमचं बोलणं म्हणजे चहा ठेवू का, गोळी घेतली का, एवढंच. ते अबोल, आणि मी लातूरकडची. माझं बोलणं त्यांना कळायला वेळ लागायचा आणि त्यांचं मला.

त्या आठवड्यात त्यांना एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, काम मिळालं होतं. बंद पडलेल्या शेडमध्ये साच्यांच्या जुन्या वाळूचे ढीग होते, ते उपसून बाहेर काढायचे. शेडमध्ये वीज नव्हती आणि खिडक्याही नव्हत्या. शनिवारी तिथला सेफ्टीवाला मशिन बघून गेला. केबिनवरचे पुढचे दोन्ही दिवे लागत नव्हते. सोमवारी दिवे चालू असतील तरच गेटमधून आत घेईन, असं त्याने शांतपणे सांगितलं. नेहमीचा इलेक्ट्रिशियन लग्नासाठी गावाला गेलेला. नवरा तळेगावला ओव्हरटाइमवर.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले तेव्हा मामांचे नवे बल्ब बसवून झाले होते, फ्यूजही बदलला होता. दिवे काही लागत नव्हते. मामा बल्बकडे असे बघत होते, जणू त्याने शब्द दिला होता आणि फिरवला.

लग्नाआधीपासून मुलगी होईपर्यंत मी वायरिंग हार्नेसच्या कंपनीत होते. गाडीत ज्या वायरींच्या जुड्या असतात त्या आम्ही बायका बोर्डवर लावून, टेप गुंडाळून तयार करायचो. मशिनचं मला काही कळत नाही, पण वायरीचं थोडं कळतं. मी कप पुढे करत विचारलं, "मामा, करंट बल्बपर्यंत येतोय का, ते बघितलं का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला कळतं व्हय त्यातलं?"

"थोडंफार."

त्यांनी चहा घेतला आणि बाजूला सरकून जागा दिली.

मी स्कूटरचा जुना इंडिकेटरचा बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावायचं, दुसरं टोक जिथे करंट आहे का बघायचं तिथे टेकवायचं. आहे तर बल्ब पेटतो. दिव्याच्या होल्डरला टेकवलं, काही नाही. तरीही मी आधी अर्थिंगवर संशय घेतला, कारण जुन्या गाड्यांमध्ये गंज तिथेच धरतो. मामांनी अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने इतका घासला की आजूबाजूचा रंगही उडाला. बोल्ट चकाकला, दिवे काळेच. होल्डरलाच करंट नसताना बोल्ट घासून काय होणार होतं? मला ते आधीच सुचायला हवं होतं.

मग बॅटरीच्या बाजूने निघालो. मागे फ्यूजपाशी दोन्ही बाजूंना करंट होता. पुढे केबिनमधल्या स्विचला मात्र येतच नव्हता. म्हणजे वायर मध्येच कुठेतरी गेलेली. ती केबिनच्या खालून जाते, त्यामुळे केबिन उचलायला हवी. या मशिनची अख्खी केबिन मागच्या बिजागरीवर वर होते. उचलायला मदत करणारे दांडे जुने होऊन दमलेले, म्हणून आम्ही दोघांनी मिळून ती वर ढकलली आणि अडकण लावली.

दिवे लागले.

स्विच चालूच राहिला होता. भर उन्हात ते दिवे बघून मामांचा चेहरा असा खुलला की मलाही वाटलं, झालं काम. त्यांनी अडकण काढली, केबिन खाली घेतली, आणि दिवे गेले. पुन्हा वर केली, लागले. पुन्हा खाली, गेले. तोवर सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. मटण शिजून तयार आहे आणि तुम्ही दोघं काय खेळ लावलाय, असं त्यांनी विचारलं.

मी त्यांना समोर उभं राहून दिव्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मामा केबिन अगदी सावकाश खाली आणणार, आणि मी मागे, हात लांब ठेवून, टॉर्च मारून बिजागरीकडे बघणार.

"हायेत," सासूबाई म्हणत होत्या. "हायेत. हायेत. गेले."

"तिथंच धरा, मामा."

मामांनी खांदा लावून केबिन धरली. बिजागरीच्या कोपऱ्यात वायरींची जुडी मुडपलेली दिसली. आधीच्या मालकाकडच्या कुणीतरी तिथे वायर नुसती पिळून जोडली होती, वर काळा टेप. केबिन खाली आली की तो जोड वाकून सुटायचा, वर गेली की टोकं परत चिकटायची. आम्ही तपासायला उचलायचो तेव्हा मशिन बरं व्हायचं.

केबिन पुन्हा अडकवून बॅटरीची वायर काढली. खराब तुकडा कापला, थोडी लांब वायर घालून दोन्ही जोड दाबून घेतले, वर रबरी नळी चढवली आणि जुडी बिजागरीपासून दूर बांधली. मी बांधत होते तेव्हा मामा बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या एकेक करून हातात देत होते. मध्येच म्हणाले की ती नोकरी मी का सोडली, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं की मुलगी लहान होती आणि शिफ्ट जमेना. त्यांनी मान हलवली. मग सावकाश विचारलं, "आवडायचं का पण?"

मी हो म्हणाले. लग्न झाल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं.

केबिन खाली आली आणि दिवे राहिले. सासूबाईंनी बघून घेतलं, "ऱ्हायले" म्हणाल्या आणि भाकऱ्या टाकायला आत गेल्या.

सोमवारी मशिन गेटमधून आत गेलं. मंगळवारी मामांनी फोन करून डबा घेऊन यायला सांगितलं. एरवी ते डबा सकाळीच नेतात. मी स्कूटरवरून गेले. शेड आतून काळीभोर होती, फक्त लोडरच्या दिव्यांचे दोन पट्टे आणि त्यांत तरंगणारी धूळ. मला बघून त्यांनी बकेट जमिनीला टेकवली, खाली उतरले आणि म्हणाले, "बस."

मी नको म्हणाले. ते तसेच उभे राहिले, म्हणून मी चढले. त्यांनी पट्टा लावायला लावला, मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा खाली ओढायला लावला, बकेट जरा उचलून घ्यायला सांगितलं, दोन लिव्हर दाखवले आणि चांगले लांब जाऊन उभे राहिले. मी एक लिव्हर पुढे केला, दुसरा मागे. लोडर जागच्या जागी फिरला आणि उजेड भिंतीवरून, पत्र्यावरून, वाळूच्या ढिगावरून सरकत गेला. मध्ये एकदा मामा त्यात आले. टोपी हातात धरून ते हसत होते.

मी आणखी एक चक्कर मारली.