खोडलेली ओळ

टोलनाक्याच्या पुढे दुभाजक फोडून गावकऱ्यांनी वाट केली आहे. परवा तिथून एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. एका हाताने भारा सावरत दुसरा हात तिने माझ्या गाडीसमोर आडवा धरला. मी ब्रेक दाबला.

या रस्त्याच्या करारातला जोखमींचा तक्ता मीच केला होता. जमीन मिळायला उशीर झाला तर जोखीम सरकारची, वाहनं कमी येऊन टोल घटला तर रस्ता बांधणाऱ्या कंपनीची. गावासाठीचा भुयारी मार्ग मात्र कोणीच अंगावर घेईना. बैठक लांबली, तेव्हा ती ओळच मी खोडली. दोन्ही बाजूंनी माझं कौतुक केलं.

मी काच खाली केली. "जपून, मावशी."

"थांबलास बाबा, भलं होईल तुझं," ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवलं नाही.