समोरचा ओटा

मागच्या आठवड्यात दोंडाईच्याचं एक जोडपं जळगावला माझ्या ऑफिसात आलं. मोबाईल पुढे करून म्हणालं, अगदी असंच घर पाहिजे. फोटोत पांढरी सपाट भिंत, कोपऱ्यात एक दार, बाकी काही नाही. ते घर माझंच, मी भडगावला बांधलेलं. तसं मी त्यांना सांगितलं नाही. पुढे ओटा काढू का, एवढंच विचारलं. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की मी जणू बैलगाडी कुठे सोडणार ते विचारलं होतं.

बावीस वर्षं हेच करतोय. थकलोय आता, साधेपणालाही. पूर्वी लोक गच्चीवर सिमेंटचे गरुड मागायचे आणि मी कपाळाला हात लावायचो. आता सगळ्यांना साधं पाहिजे. साधं दिसायला काय उस्तवार असते ते मला विचारा. वायरी लपवा, पाईप लपवा, चपला लपवा. माणसं तेवढी लपवायची राहिलीत.

भडगावचे नाना कपाशी आणि केळीवाले. जुनं धाब्याचं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं होतं. त्यांची मागणी एकच, दारापुढे ओटा. अक्का, म्हणजे त्यांची बायको, दुपारभर ओट्यावर धान्य निवडत बसायची, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलायची. मी म्हणालो, ओट्याने भिंतीची रेघ तुटते, धूळ साचते, आत एवढी मोठी बैठक आहे ना. नानांनी तीनदा मागितलं, मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा ते बोलले नाहीत. तो मी होकार समजलो. माझ्यात तेव्हा फार ऐट होती.

घर बांधून झाल्यावर दोन वर्षांनी, भर मे महिन्यात, अक्का गेल्याचा फोन आला. मी दारावर गेलो. आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला जाणं म्हणजे दारावर जाणं. पुरुषमंडळी घरात शिरत नाहीत. ओट्यावर टेकतात, घडीभर गप्प बसतात आणि उठतात. मी धुळ्याचा, लहानपणापासून वडिलांचं बोट धरून कितीतरी दारांवर बसलेलो. नकाशा काढताना यातलं एकही दार मला आठवलं नाही.

नानांच्या दारात कुणी नव्हतं. पांढऱ्या भिंतीवर ऊन नुसतं भाजत होतं. सगळे गल्ली ओलांडून समोरच्या घराच्या ओट्यावर बसले होते, शहाबादी फरशीच्या, पत्र्याच्या सावलीत. नानाही तिथेच. स्वतःच्या बायकोच्या दुःखाला माणूस शेजाऱ्याच्या दारात बसला होता. मला पाहून ते सरकले, शेजारी जागा केली. मला फार लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, नाना, पुढच्या महिन्यात माणसं पाठवतो, ओटा करून देतो.

नानांनी आपल्या घराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "राहू द्या, भाऊ. तुमनी अक्का दोन वरीस आठेच बठे. गई तवय बी आठेच व्हती."

'आठेच', म्हणजे इथेच, म्हणताना त्यांचा हात फरशीवर होता, आमच्या दोघांच्या मधल्या जागेवर. तांदूळ निवडायचं सूप मांडीवर घेऊन ती तिथेच कलंडली, हे मला नंतर शेजाऱ्याने सांगितलं.

मी समोर पाहिलं. फोटोत दिसतं तसंच घर दिसत होतं. फोटोही मी इथूनच काढला होता, याच ओट्यावर उभं राहून. तेव्हा कडेला बसलेल्या अक्काला मी जरा बाजूला व्हायला सांगितलं होतं, आणि ती सूप उचलून निमूट उठली होती.

दारावरून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं. मी उठलो आणि गाडीकडे चालत गेलो.