जिवंत नवऱ्याची विधवा

अतिपोका गवताची काडी दातांनी चिरते. मग चिरलेली काडी मांडीवर वळते आणि टोपली विणायला घेते. चाळीस वर्षांत तिचे पुढचे दोन दात झिजलेत आणि मांडीची कातडी चपलेच्या चामड्यासारखी झालीय. ती माझी काकू, महाफटकळ. नवरा अवूनी तितकाच गरीब स्वभावाचा. दिवसभर तिच्याशेजारी बसून काड्या रंगात उकळतो आणि बोलणी खातो. मी इथल्या शाळेत शिकवतो, त्यामुळे घरातली वाचायची कामं माझ्याकडे.

टोपल्यांचा दलाल झिएम हा दगाबा, आणि आम्ही फ्राफ्रा. या दोन जमातींचं थट्टेचं नातं पणजोबांच्याही आधीचं. एकमेकांना काहीही बोला, रागवायचं नाही. मयताच्या घरीसुद्धा नाही. कुत्र्याचं मटण दोघांच्याही आवडीचं, त्यामुळे त्यातलं डोकं कोणी पळवलं यावर ठरलेली थट्टा. गेली अकरा वर्षं झिएम अंगणात शिरला की काकू म्हणायची, आला बघा कुत्र्याचं डोकं चोरणारा. तो म्हणायचा, डोकं तुझ्याच हंडीत शिजतंय, झाकण काढ. तो घरचाच झाला होता.

यंदा सप्टेंबरात तो परदेशातून आलेली नाताळची मोठी मागणी घेऊन आला. सोबत चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, टोपलीमागे एक बांधायला. चिठ्ठीवर काकूचा फोटो. तिकडचे लोक म्हणे आता भेटवस्तूसुद्धा विचार करून घेतात. ती कोणी केली, करणारीचं भलं झालं का, हे त्यांना कळावं लागतं. ऐकायला किती छान! काकूने मोठ्या कौतुकाने एक चिठ्ठी माझ्या हातात दिली.

मी वाचलं. "अतिपोकाचा नवरा वारला. तिची मुलं उपाशी झोपत होती. ही टोपली भेट देऊन तुम्ही त्यांना जेवू घातलंत. नाताळच्या शुभेच्छा."

वारलेला अवूनीकाका समोरच बसला होता, कोपरापर्यंत लाल रंगाने माखलेला. त्याला हसू आलं. मला मात्र शिसारी आली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिलेत, पण या झिएमने त्यासाठी जिवंत माणूस मारून घेतला होता. आणि ते घेणारे? त्यांना चांगली टोपली चांगली म्हणून घेववत नाही, तिच्यामागे कोणीतरी मेलेलं लागतं. थू!

आमच्यात विधवा हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. नवरा गेला की बाईला गळ्यात दोर बांधून सगळ्यांसमोर बसावं लागतं, आणि काकूने आपल्या आईला तसं बसलेलं पाहिलंय. तरीही ती थट्टेवरच होती. "माझा नवरा मारलास, आणि मयताला साधं कुत्रं कापलं नाहीस? चिकट मेला."

झिएम पोट धरून हसला. मग त्याने खरं काम काढलं. पुढच्या आठवड्यात टोपल्या घेणाऱ्या बाई स्वतः येणार होत्या, कॅमेरा घेऊन. तेवढा दिवस अवूनीने बहिणीकडे जाऊन बसावं. नाहीतर मागणी शेजारच्या गावाला जाईल. तिथे विधवांना तोटा नाही.

अवूनीकाका हात पुसत उठला. "कुठल्या वारी जाऊ?" एवढंच त्याने विचारलं.

काकूने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि रंगाच्या हंडीखाली जाळात सारला. आत जाऊन तुंब्यातून पाणी आणलं आणि गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी, परक्या पाहुण्याला देतात तसं झिएमपुढे धरलं.

"घ्या, साहेब. उन्हातून आलात."

झिएमचा चेहरा पडला. चिठ्ठ्या जळत होत्या, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. "अगं, असं नको बोलू," तो म्हणाला. "शिवी दे मला. कुत्रा म्हण."

"तुम्हाला कशी देऊ? आपली काही ओळख नाही. पाणी प्या आणि निघा."

दिलेलं पाणी नाकारता येत नाही. तो प्यायला आणि गेला.

मागणी शेजारच्या गावाला गेली. काकू आता जवळच्या शहरात, बोलगाच्या बाजारात पडेल भावाने टोपल्या विकते. शेजारी काकाला बसवते. गिऱ्हाईक विचारो न विचारो, आधी त्याच्याकडे बोट दाखवते. "हा माझा नवरा. आता टोपलीचं बोला."