दिपोटीसाहेब आणि कानबाईचे रोट

माझ्या पहिल्या पुस्तकामुळे एक माणूस उपाशी राहिला, असं आमच्या भाऊबंदकीत अजून सांगतात. हे साफ खोटं आहे. त्या दिवशी अख्खी भाऊबंदकी उपाशी होती, तो माणूस तर त्या उपाशी लोकांतला एक.

मी तेव्हा धुळ्याच्या एका शाळेत मास्तर होतो. दिवसभर पोरांना ओरडायचं आणि घरी येऊन पोरांसाठी गोष्टी लिहायच्या, असा माझा दुहेरी संसार. तिसरा, म्हणजे खरा संसार, बायको सांभाळायची. मी लिहायला बसलो आणि तिने काही विचारलं की मी 'हं' म्हणायचो. हे माझं 'हं' कुठेही चालायचं. या एका 'हं'च्या जोरावर आमच्या घराला निळा रंग लागला, म्हशीची पारडी मेहुण्याकडे गेली आणि धाकट्याचं जावळ माझ्या नकळत ठरलं. पण पुस्तक पुरं झालं, आणि लेखकाला आणखी काय हवं?

'चिंगी खारीची शिदोरी' असं पुस्तकाचं नाव. दुष्काळात चिंगी नावाच्या खारीकडे भुईमुगाची एकच शेंग उरलेली असते. तेवढ्यात दारात एक म्हातारी साळुंकी येते. चिंगी स्वतः उपाशी राहते आणि दोन्ही दाणे तिला देते. शेवटी मी मोठ्या टाइपात छापून घेतलं होतं: 'पाहुणा उपाशी, तर घर उपाशी!' हे वाक्य सुचलं त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश झालो की शाळेत सगळ्यांना अर्धा तास आधी सोडलं.

पुस्तक छापून आलं आणि मग कळलं की लिहिणं हे त्यातलं सोपं काम होतं. आता ते खपवायचं. पिशवीत प्रती भरून मी सोनगीरच्या बाजाराला गेलो, एका लिंबाखाली उभा राहिलो आणि खड्या आवाजात गोष्ट वाचायला सुरुवात केली. बऱ्यापैकी गर्दी जमली. मी आनंदाने दुसरं पान उलटलं, तेव्हा पुढच्या म्हाताऱ्याने फेटा मागे सारत विचारलं, "मास्तर, बाकी ठीक शे. पन गजकर्नवर काही शे का तुमनापान?" मी औषधवाला नसून लेखक आहे हे समजल्यावर गर्दी पांगली, ती किती चटकन पांगली ते सांगत नाही.

तेव्हा एकच मार्ग उरला, तो म्हणजे शाळाखात्याचा. आमच्या भागाचे शाळातपासनीस, म्हणजे दिपोटीसाहेब, यांनी पुस्तकाला 'बरं' म्हटलं तर ते सगळ्या शाळांच्या कपाटात जाणार होतं. नाही म्हटलं तर सगळ्या प्रती माझ्याच कपाटात राहणार होत्या, आणि त्या कपाटात बायकोला लुगडी ठेवायची होती. साहेब साताऱ्याकडचे, नव्यानेच खानदेशात बदलून आलेले. शाळेत तपासणीला आले तेव्हा मी धीर करून म्हणालो, "साहेब, या रविवारी गरिबाच्या घरी जेवायला या. त्या निमित्ताने एक गोष्टही ऐकवतो."

साहेब म्हणाले, "येतो की. दुपारी मला साक्रीची मोटार धरायचीय. जेवून तसाच जाईन."

मी तरंगतच घरी आलो. घरी बायको अंगणात गहू निवडत होती. नेहमीपेक्षा बरेच जास्त गहू. मी म्हटलं, "रविवारी दिपोटीसाहेब जेवायला येणार आहेत."

तिचे हात थांबले. "कोनता रविवार?"

"हाच."

तिने सूप खाली ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "यंदा कानबाई आपला घर बसाडनी शे. भाऊबंदस्ले सांगी धाडू का म्हनीसन मी तुम्हले इचारं व्हतं. तुम्ही 'हं' म्हनात."

ज्यांना आमची कानबाई ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने लावून देवी सजवायची, सगळ्या भाऊबंदकीने एका घरी जमायचं आणि तिच्या नैवेद्याचे 'रोट' खायचे. रोट म्हणजे घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीमुठीने गहू घेऊन दळलेल्या पिठाच्या पुरणपोळ्या, बरोबर खीर, आमटी, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. वास असा की शेजारची गल्ली जागी होते. आणि नियम एकच, पण लोखंडी: रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला घाससुद्धा द्यायचा नाही. आमच्या घरी तर त्या दिवशी चुलीवर रोटाशिवाय दुसरं काही चढतच नाही.

म्हणजे वर्षातल्या सगळ्या रविवारांतून मी नेमका तो एकच रविवार निवडला होता, ज्या दिवशी घरात लग्नाएवढं जेवण असतं आणि पाहुण्याला पाणी तेवढं देता येतं. बोलावणं मागे घ्यावं, तर साहेब तोवर दौऱ्यावर निघून गेले होते. मी बायकोला म्हटलं, "शेजारच्या शेठजींकडे साहेबांचं पान वाढायला सांगू." ती म्हणाली, "शेठजी बठ्ठा कुटुंबसंगे दोंडाईचाले गयात. दारले कुलूप शे." बाकी माझ्यावर सोपवून ती गहू निवडायला लागली.

रविवार उजाडला. ओसरीपासून परसापर्यंत भाऊबंद. चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, आणि पोरं तर इतकी की त्यातली माझी कोणती हे मलाही नीट सांगता आलं नसतं. सगळ्यांवर अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली काकू. तिच्या शब्दाबाहेर आमच्यात कोणी पाणीसुद्धा पीत नाही. तिला मी घडलेला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "मंग त्याले बलायं कसाले?"

"अक्का, पुस्तकाचा प्रश्न आहे."

"पुस्तक खावाडजो मंग त्याले," असं म्हणून अक्का खिरीकडे वळली. तिला विनोद करायची सवय नव्हती. ती सूचना होती.

माझा चुलतभाऊ उखा रिकामा दिसला. त्याला कोपऱ्यात घेऊन मी कानात सांगितलं, "साहेबांच्या जेवणाचं बघ. बाजारातून काय मिळेल ते आण, पण लवकर." उखा मान डोलावून निघाला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं. (उखावर काम सोपवून ज्याच्या मनावरचं ओझं उतरतं, त्याने मुलांना शहाणपणाच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला नंतर पटलं.)

साहेब आले. दारात पाऊल टाकताच त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. "मास्तर, एवढं कशाला केलंत हो माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "छे छे, काहीच नाही केलं." आयुष्यात इतकं खरं मी क्वचितच बोललो असेन.

साहेबांना पाटावर बसवलं. तेवढ्यात अक्का पदर सावरत बाहेर आली आणि त्यांच्यासमोर बसली. तिच्या डोळ्यांत एक विचार चमकत होता. पाहुणा उपाशी जाणं तिलाही पटत नव्हतं. ती म्हणाली, "भाऊ, कोन्ता गावना शेतस तुम्ही? आडनाव काय तुमनं?"

"पाटील," साहेब म्हणाले.

आतल्या बायकांत कुजबुज झाली. आम्हीही पाटीलच. अक्का एकदम पुढे सरकली. "पाटील? मंग आपलाच शेतस ना! देवक कोन्तं तुमनं? कुलदेवी कोन्ती?"

साहेब गोंधळले. त्यांना वाटलं असावं, की मास्तरांच्या घरात लग्नाची मुलगी आहे. ते घाईने म्हणाले, "बाई, माझं लग्न झालंय. मुलं आहेत मला." तरी त्यांनी देवक सांगितलं, कुलदेवीही सांगितली. दोन्ही आमच्याहून निराळी निघाली. अक्काचा चेहरा पडला. "पाटील तं गावोगाव ऱ्हातस," असं पुटपुटत ती उठून आत गेली. साहेबांना भाऊबंदकीत आणण्याचा तेवढा एक रस्ता होता, तोही बंद झाला.

आता उखा येईपर्यंत वेळ काढणं भाग होतं. मी पुस्तक काढलं. "साहेब, आधी एक गोष्ट ऐका. ऐकणारी मुलंही आयतीच आहेत." पोरं भोवती बसली. पोरांना वाटलं, गोष्ट संपली की पंगत. साहेबांनाही तेच वाटलं. इतका एकदिलाचा श्रोतृवर्ग मला पुन्हा कधी लाभला नाही.

मी वाचायला लागलो. दुष्काळाचं वर्णन मी फार रंगवून केलं होतं. पोटात कावळे ओरडणं, ओठ सुकणं, सगळं होतं. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे. आतून तुपाचा वास आला. पोरं चुळबुळायला लागली. मी दुष्काळ आणखी थोडा लांबवला.

तेवढ्यात उखा आला. घामाघूम, पण चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद. त्याने साहेबांसमोर केळीच्या पानाची पुडी ठेवली. मी उघडून बघतो तर आत विडे!

मी दात-ओठ खात विचारलं, "उखा, हे काय?"

"जेवन तं घरमाच शे ना नाना. कमी काय व्हतं, तं इडा. चांगला कलकत्ती शे."

साहेबांनी जेवणाआधी विडा खाल्ला. हीही खानदेशची रीत असेल अशी त्यांची समजूत झाली असणार. रिकाम्या पोटी विडा चढतो. त्यांच्या कपाळावर घाम आला.

आत नैवेद्य झाला होता. पानं मांडली होती. पण कोणी बसेना. मी डोकावून पाहिलं तर अक्का भिंतीला टेकून बसलेली. "पाव्हना घरमा उपाशी बठेल शे, तवलोंग मन्हा घास उतराव नही," ती म्हणाली. आता अक्का जेवल्याशिवाय चुलते जेवणार नाहीत, चुलते बसल्याशिवाय चुलतभाऊ नाहीत, आणि पोरांना तर कोणी विचारतच नाही. साहेबांना रोट देता येत नव्हते आणि साहेब असेपर्यंत रोट खाता येत नव्हते. साहेबांनी जावं, तर पुस्तकावर त्यांचा शब्द मिळाला नव्हता. मी पुन्हा बाहेर येऊन पुस्तक उघडलं. वेळ काढण्यापलीकडे मला काही सुचतच नव्हतं. पोरं आता चिंगीकडे नाही, साहेबांकडे टक लावून बघत होती. एकाने दुसऱ्याला मोठ्याने विचारलं, "हाऊ पाव्हना कव्हय जाई रे?"

मी घाईघाईने शेवटचं पान वाचलं. चिंगीने साळुंकीला दोन्ही दाणे दिले. मी आवाज चढवून म्हटलं, "पाहुणा उपाशी, तर घर उपाशी!"

मग माझ्याच धाकट्या मुलीने, सखूने, विचारलं, "नाना, खार तं पाव्हनाले दाना देस. मंग आपन काबरं नही देतस?"

अंगावर कोणी थंड पाण्याची घागर ओतावी तसं मला झालं. मला खरंच लाज वाटली. मी पुस्तक मिटलं आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं: कानबाई, रोट, भाऊबंद, अक्काचा उपास आणि माझं ते 'हं'. साहेब ऐकत राहिले. मग त्यांना असं काही हसू लोटलं की ओठांतून विड्याचा रंग गळाला. ते उठले, दाराशी उभ्या असलेल्या अक्काला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, मी निघतो. पोरांना आधी वाढा."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांचा पाय उंबऱ्याबाहेर पडला न पडला तोच मागे पंगत बसल्याचा गलका उठला.

मी त्यांच्याबरोबर मोटारीच्या अड्ड्यापर्यंत गेलो. तिथल्या हॉटेलात साहेबांनी गरम भजी मागवली. मीही पुढे झालो, तर मला म्हणाले, "तुम्ही नका. तुमचे रोट थांबलेत." भजी संपेपर्यंत मला पुस्तकाचं विचारायचा धीर झाला नाही. मोटार सुरू झाली तेव्हा कसाबसा म्हणालो, "साहेब, ते पुस्तक..."

"पुस्तक उत्तम आहे," साहेब खिडकीतून म्हणाले. "सगळ्या शाळांत पाठवायला सांगतो. फक्त एक करा मास्तर, त्यातली एक प्रत लेखकाच्या घरी राहू द्या."

पुस्तकं शाळांत गेली, कपाटात लुगडी आली. घरची ती एक प्रत अजून आहे. मी कोणाला जेवायला बोलावलं असं सांगितलं, की बायको ती प्रत आणून माझ्यासमोर ठेवते, आणि मी लिहिता लिहिता म्हणतो, "हं."